बहिरी ससाण्याची शहरातली वीण : खडीच्या ट्रेपासून पहिल्या झेपेपर्यंत

बहिरी ससाणा घरटं बांधत नाही. काटक्या आणत नाही, गवत अंथरत नाही. कड्याच्या कपारीत साठलेल्या मातीवर छाती टेकवायची, पायांनी मागे उकरायचं, अंगाने गोल फिरायचं, की वाटीसारखा खळगा तयार होतो आणि मादी त्यात अंडी घालते. उंच इमारतीवर त्याला कड्याची उंची मिळते, समोर मोकळं आकाश मिळतं, खायला कबुतरं मिळतात. मिळत नाही ती ही चार घमेली माती. सिमेंटच्या सज्ज्यावर किंवा पत्र्याच्या पन्हळीत घातलेलं अंडं घरंगळतं, नाहीतर साचलेल्या पाण्यात गार पडतं. मॉन्ट्रियलच्या सन लाइफ इमारतीवर १९३६ पासून येणारी जोडी असो की मेलबर्नच्या ३६७ कॉलिन्स स्ट्रीटवर १९९१ मध्ये दिसलेली, अडचण हीच होती, आणि दोन्हीकडे उत्तर एकच निघालं : खडी-वाळू भरलेला ट्रे.

अंड्यांवरच्या पक्ष्याला त्रास देता येत नाही, त्यामुळे ट्रे बसवायच्या कामाचा हंगाम आणि पक्ष्यांचा हंगाम वेगळे आहेत. सुतारकाम, कॅमेरा, परवानग्या, इमारतीच्या लोकांशी बोलणी, हे सगळं पक्षी अंड्यांवर नसताना उरकायचं. पहिलं अंडं पडल्यापासून शेवटचं पिल्लू उडेपर्यंतचे साधारण अडीच महिने लांबून बघायचं आणि नोंदी ठेवायच्या. पिल्लं उडायच्या आठवड्यात मात्र पुन्हा धावपळ असते. बहुतेक देशांत या पक्ष्याच्या चालू घरट्याजवळ जाणं, अंडी-पिल्लं हाताळणं हा गुन्हा आहे, त्यामुळे स्थानिक वन्यजीव खात्याची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय ट्रे चढवायच्या फंदात पडू नका.

जोडी आहे का, हे आधी ठरवा

एखादा ससाणा मनोऱ्यावर बसलेला दिसला म्हणजे तिथे वीण होणार, असं नसतं. थंडीत बरेच पक्षी शहरात फक्त खायला आणि निजायला येतात. हंगामाच्या आधी महिना-दीड महिना, आठवड्यातून दोनदा, सकाळी उजाडल्यापासून दोन तास बघा. एकाच उंच जागी दोन पक्षी, त्यातला एक दुसऱ्यापेक्षा ठळक मोठा, असं दिसलं तर जोडी समजा. मादी नरापेक्षा सुमारे एक-तृतीयांश मोठी असते; शेजारी बसल्यावर हा फरक साध्या दुर्बिणीतूनही कळतो, एकटा पक्षी बघून मात्र अनुभवी माणूसही फसतो.

वयही पाहून ठेवा. प्रौढाची पाठ पाटीसारखी करडी-निळी, पोटावर आडव्या रेघा, डोळ्याभोवतीचं कडं आणि पाय पिवळे. पहिल्या वर्षाचा पक्षी तपकिरी, आणि छातीवर उभ्या रेघा. जोडीतली मादी अजून तपकिरी असेल तर यंदा फार आशा धरू नका. साधारण दोन वर्षांची झाल्यावर ती वीण करते, त्याआधी खळगे उकरते, तासन्‌तास बसते, पण अंडी बहुधा येत नाहीत.

सज्ज्याखाली पांढऱ्या विष्ठेचे ओघळ आणि गच्चीवर शिकारीचे अवशेष, या आणखी दोन खुणा. बहिरी ससाणा कबुतर खातो तेव्हा दोन्ही पंख छातीच्या हाडाला जोडलेलेच राहतात. मांस नाहीसं, पंख जागेवर, आणि छातीच्या हाडाच्या कडेला चोचीने काढलेले त्रिकोणी टवके. मांजराने खाल्लेल्या कबुतराची पिसं मुळाशी चावलेली असतात. ससाणा पिसं उपटतो, त्यामुळे त्यांचे देठ शाबूत राहतात.

ट्रे

आतून ९० सेंमी रुंद, ६० सेंमी खोल. चार पिल्लं महिन्याची झाली की हीसुद्धा जागा अपुरी वाटायला लागते, म्हणून सज्जा अरुंद असला तरी ७५ बाय ५० च्या खाली उतरू नका. १८ मिमी जाडीचं मरीन प्लाय घ्या. स्क्रू, बोल्ट, कोन सगळं स्टेनलेस स्टीलचं. साधे स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजतात आणि मग भर हंगामात तळ सुटतो. मागची आणि बाजूची भिंत ४५ ते ६० सेंमी. समोरची पट्टी खडीच्या पातळीच्या वर निदान ७ सेंमी राहील इतकी ठेवा, म्हणजे अंडं आणि लहान पिल्लू आत राहतं. ती फार उंच केलीत तर महिन्याचं पिल्लू कडेवर उभं राहून पंख फडफडवायला शिकत नाही, शिवाय तुम्हालाही लांबून काही दिसत नाही.

छप्पर द्यायचं, पण पेटी करायची नाही. मागचा अर्धा भाग झाकणारं, पुढे उतार असलेलं फळकूट पुरतं. चारही बाजूंनी बंद खोक्यात हवा कोंडते, आणि बाहेरचं आकाश दिसत नसेल तर मादी आत बसायला नाखूष असते. लाकडाला आतून रंग नको. बाहेरून पाण्यावर आधारित फिका रंग चालेल. क्रिओसोटसारखं उग्र परिरक्षक लावलेलं लाकूड तर अजिबात नको.

तळाला १० ते १२ मिमीची पंधरा-वीस भोकं पाडा, चार कोपऱ्यांत जरा जास्त. वरून स्टेनलेसची बारीक जाळी अंथरा, नाहीतर खडी भोकांतून गळते किंवा त्यात अडकून बसते. ट्रे जमिनीला चिकटवून ठेवू नका. खाली दोन-तीन सेंमीच्या पट्ट्या ठोका, पाणी निघायला वाट हवी. शहरातल्या ट्रेंमध्ये अंडी वाया जाण्याचं सर्वांत टाळता येण्याजोगं कारण तुंबलेलं पाणी आहे, आणि ते दोन कारणांनी तुंबतं : भोकं कमी असतात, किंवा गेल्या वर्षीच्या पिसा-विष्ठेच्या लगद्याने बुजलेली असतात.

आता खडी. ५ ते १० मिमीची, गोल, धुतलेली, नदीतली किंवा मत्स्यालयात वापरतात तशी. बांधकामाची फोडलेली खडी धारदार असते. अंड्याला चरे पडतात, मादीच्या पोटाचा उघडा, उबवणीचा भाग सोलवटतो. नुसती बारीक वाळू ओली झाली की घट्ट बसते, अंड्याला चिकटते आणि वाऱ्याने उडून जाते. २० मिमीच्या वरचे गोटे पक्ष्याला उकरता येत नाहीत. थर ८ सेंमीचा द्या. खळगा तीन ते पाच सेंमी खोल असतो. थर त्याहून पातळ असला तर अंडी थेट प्लायवर टेकतात, आणि खालून थंडी लागते ती वेगळीच.

वजनाचा हिशेब आधीच करा. ९० बाय ६० बाय ८ सेंमी म्हणजे सुमारे ४३ लिटर खडी, कोरडी असताना ७० किलोच्या आसपास. ओली झाली की त्याहून जास्त, वर लाकूड. एवढं वजन कठड्याच्या टोकावर लादायचं का, हे इमारतीच्या अभियंत्याला विचारूनच ठरवा. खडी दहा-दहा किलोच्या पिशव्यांतून वर न्या आणि ट्रे जागेवर घट्ट बसल्यावर भरा. वजन आहे म्हणून बोल्ट लागणार नाहीत, ही समजूत धोक्याची आहे : वारा छपराखाली शिरतो आणि ट्रे पुढून उचलला जातो. किमान चार ठिकाणी अँकर बोल्ट हवेत. भिंतीला भोक पाडायची परवानगी नसेल, जुन्या वास्तूंवर ती बहुधा नसतेच, तर सज्ज्याला पकडणारे शिकंजे आणि मागे वजनाच्या फरश्या.

ट्रेच्या एका बाजूने साधारण ४ सेंमी जाडीचा, खडबडीत पृष्ठभागाचा दांडा अर्धा मीटर बाहेर काढा. नर त्यावर बसून राखण करतो आणि पुढे पिल्लं तिथे तोल सांभाळायला शिकतात.

जागा

जमिनीपासून २० मीटर ही खालची मर्यादा धरा. निव्वळ उंचीपेक्षा आजूबाजूच्या छपरांहून उंच असणं जास्त महत्त्वाचं, कारण वरून कोणी बघतंय असं वाटलं की ससाणा अस्वस्थ होतो. उत्तर गोलार्धात ट्रेचं तोंड उत्तर ते पूर्व दिशेला ठेवा. दक्षिण गोलार्धात दक्षिण ते पूर्व. दुपारचं ऊन थेट पडत असेल तर तीन आठवड्यांची पिल्लं धापा टाकत कडेला सरकतात आणि वेळेआधी खाली पडतात. पावसाचा मुख्य रोख ज्या बाजूने असतो ती बाजूही टाळा.

धुरांडं, एसीच्या गरम हवेची तोंडं, गच्चीचा रोज उघडणारा दरवाजा, काचा धुणाऱ्या पाळण्याचा मार्ग यांच्यापासून लांब राहा. शेवटी खाली डोकावून पाहा : पिल्लाची पहिली झेप कुठे संपेल? समोर थोडी खालची, रिकामी गच्ची असेल तर उत्तम. खाली सरळ रहदारी किंवा पाणी असेल आणि इमारतीला दुसरी बाजू असेल, तर ती दुसरी बाजू निवडा. हा विचार ट्रे बसवताना कोणाला सुचत नाही, पिल्लं उडायला लागली की सगळ्यांना सुचतो.

ट्रे बसवायची योग्य वेळ म्हणजे आधीची पिल्लं निघून गेल्यावर आणि पुढची प्रणयचेष्टा सुरू व्हायच्या आत. समशीतोष्ण उत्तर गोलार्धात सप्टेंबर ते डिसेंबर. पहिल्याच वर्षी तो वापरात येईल असं धरून चालू नका. कधी आठवड्यात खळगा दिसतो, कधी जोडी तीन वर्षं शेजारच्या पन्हळीतच हट्टाने बसते. पन्हळीत बसत असेल तर ती जागा जाळीने बंद करून ट्रे अगदी जवळ, त्याच सज्ज्यावर ठेवणं हा उपाय लागू पडतो. हेही हंगामाबाहेरच.

कॅमेरा

दोन लावा. एक आतल्या खळग्यावर, बाजूच्या भिंतीच्या वरच्या कोपऱ्यातून तिरका. दुसरा बाहेरून, अख्खा ट्रे आणि दांडा दिसेल असा. समोरून, खडीच्या पातळीला लावलेल्या कॅमेऱ्याची काच तिसऱ्या आठवड्यात विष्ठेने पांढरी होते, कारण पिल्लं शेपटी बाहेर करून जोरात पिचकारी मारतात, आणि ती पुसायला कोणी जाऊ शकत नाही. रात्रीसाठी ९४० नॅनोमीटरचे अवरक्त दिवे घ्या. ८५० चे दिवे अंधारात लालसर चमकतात. पांढरा दिवा नको. वीज आणि चित्र एकाच नेटवर्क केबलने न्यायचं असेल तर स्विचपासूनची लांबी १०० मीटरच्या आत ठेवा. केबल दर ३० सेंमीवर क्लिपने दाबा : लोंबती वायर पिल्लाच्या पायात गुंतते. सगळी जोडणी महिनाभर चालवून पाहा. अंडी पडल्यावर कॅमेरा बंद पडला, तर तो वर्षभर बंद.

तारखा : मोजणी तिसऱ्या अंड्यापासून

उत्तरेच्या समशीतोष्ण शहरांत फेब्रुवारीत हालचाल सुरू होते. नर हवेत सूर मारतो, शिकार आणून मादीला हवेतच किंवा कडेवर देतो, दोघं खळग्यापाशी समोरासमोर माना झुकवून चिवचिवल्यासारखा आवाज करतात. मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत अंडी. मेलबर्नसारख्या दक्षिणेकडच्या शहरात हेच सगळं ऑगस्टच्या अखेरीकडे सरकतं. तुमच्या शहराची तारीख पुस्तकातून न घेता तुमच्याच जोडीच्या नोंदींतून घ्या. एक जोडी वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांच्या फरकाने तीच तारीख पाळते.

अंडं पडायच्या आधीचे दोन-चार दिवस मादी सुस्तावते. शिकारीला जात नाही, ट्रेच्या आसपास पिसं फुलवून बसून राहते, नर आणून देईल ते खाते. पक्षी आजारी आहे असे फोन याच दिवसांत येतात.

अंडी बहुतेकदा तीन किंवा चार. विटकरी रंगाची, गडद ठिपक्यांची, कोंबडीच्या अंड्यापेक्षा थोडी लहान. दोन अंड्यांत साधारण ४८ ते ६० तासांचं अंतर. पहिली दोन अंडी उघडी टाकून मादी शेजारी उभी असते आणि बघणाऱ्यांचा जीव खालीवर होतो. पण त्यात काही बिघडलेलं नसतं. पूर्ण उबवणी तिसऱ्या अंड्यापासून सुरू होते, त्यामुळे पिल्लं जवळजवळ एकाच वेळी बाहेर पडतात. उबवणी सुरू होण्याआधी अंडं गार राहिलेलं चालतं. सुरू झाल्यावर मात्र लांबलेली गैरहजेरी महागात पडते.

हिशेब असा. समजा अंडी २०, २२, २५ आणि २७ मार्चला पडली. तिसरं २५ मार्चचं. त्यात ३३ दिवस मिळवले की २७ एप्रिल. एक-दोन दिवस इकडे-तिकडे. त्या तारखेत ४० मिळवले की ६ जून, म्हणजे पिल्लं उडण्याचा आठवडा. या दोन तारखा मोठ्या अक्षरांत लिहून इमारतीच्या व्यवस्थापकाच्या टेबलावर ठेवा. ज्यांनी पहिल्या अंड्यापासून मोजलं त्यांची पिल्लं दर वर्षी "उशिरा" येतात.

कॅमेरा नसेल तर स्कोप. २० ते ६० पट मोठं दाखवणारा स्पॉटिंग स्कोप, भक्कम तिपाई, आणि शक्य तर समोरच्या इमारतीची वरची खिडकी. उबवणारा पक्षी पट्टीमागे पूर्ण गायब होतो आणि दोन-तीन तास हलत नाही; नुसता बसलेला पक्षी दर काही मिनिटांनी डोकं वर काढतो. खात्री पटते ती पाळी बदलताना : एक येतो, दुसरा उठतो, आणि आलेला पायाच्या नख्या आत मुडपून, अंगाला डावी-उजवी हलकी झोल देत अंड्यांवर बसतो. रात्री मादी, दिवसा काही तास नर. नर लहान असल्याने चार अंडी त्याच्या पोटाखाली नीट मावत नाहीत आणि एखादं कडेने डोकावतं. तेही चालतं.

या काळात नाट्यं घडतात. परका पक्षी येतो, मारामारी होते, कधी जोडीतला एक मरतो. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या घंटाघरावरचा ग्रिनेल नावाचा नर अंडी असताना मेला. काही तासांत नवा नर तिथे आला, मादीशी जुळला आणि त्याच अंड्यांवर बसायलाही लागला. त्या वर्षी पिल्लं निघाली. माणसाने हात घालायची घाई केली असती तर हे झालं नसतं. अंडी लवकर गमावली, म्हणजे उबवणीच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत, तर जोडी साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा अंडी घालू शकते. बऱ्याचदा जवळच्या दुसऱ्या जागी, म्हणून बघणं थांबवू नका.

पिल्लांचं वय ओळखणं

फुटण्याच्या आदल्या दिवशी मादीची बैठक बदलते. ती पूर्ण टेकत नाही, पंख किंचित सैल सोडते आणि सारखी मान वाकवून पोटाखाली बघते. कवचाला पहिला टवका पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला एक ते तीन दिवस लागू शकतात. त्यानंतर नर शिकार थेट ट्रेवर आणायला लागतो आणि मादी नखाएवढे तुकडे तोडून भरवते.

जन्मताना पिल्लू ३५-४० ग्रॅमचं, विरळ पांढऱ्या लवीचं, मान न सावरणारं. दहाव्या दिवशी दुसरी, दाट, करडसर लव येते आणि आई पिल्लांवर बसून ऊब देणं कमी करायला लागते. त्याआधीचे दिवस गारठ्याचे आणि पावसाचे असतील तर पिल्लं तेव्हाच दगावतात. दोन आठवड्यांचं पिल्लू टाचांवर बसतं, लोकरीच्या गोळ्यासारखं दिसतं. तिसऱ्या आठवड्यात पंखांच्या आणि शेपटीच्या कडेला गडद पिसांची टोकं दिसतात. अठ्ठाविसाव्या दिवशी चेहऱ्यावरची काळी मिशी, म्हणजे डोळ्याखालून गालावर उतरणारा पट्टा, स्पष्ट होते, अंग अर्धं लवीचं अर्धं पिसांचं. पस्तिसाव्या दिवशी लव फक्त डोक्यावर, मांड्यांवर आणि पंखाखाली उरते. नर पिल्लं साधारण ३९ ते ४२ दिवसांत उडतात, मादी पिल्लं दोन-चार दिवस मागून.

पायात ओळखीच्या क्रमांकाची कडी घालायची असेल तर ती परवानाधारक माणसानेच, २१ ते २५ दिवसांच्या दरम्यान. त्याआधी पायाची जाडी पक्की झालेली नसते, नर-मादीची कडी वेगवेगळ्या मापाची असल्याने चूक होते. २८ दिवसांनंतर ट्रेपाशी कोणीच जायचं नाही. माणूस दिसला की पिल्लं मागे सरण्याऐवजी कडेवरून उडी टाकतात आणि त्यांचे पंख अजून तयार नसतात.

एखादं अंडं न फुटता राहणं नेहमीचं आहे. ते पिल्लांच्या पायांत आठवडाभर लोळतं, मग फुटतं किंवा खडीत दबतं. त्यासाठी वर चढू नका. पिल्लू तोंड उघडं टाकून गिळायला धडपडत असेल, घशात पिवळट चिकट थर दिसत असेल, तर तो कबुतरांकडून येणारा ट्रायकोमोनास परजीवीचा आजार असू शकतो. वन्यजीव पशुवैद्याला कॅमेऱ्यातली चित्रफीत लगेच पाठवा. तिघं-चौघं एकदम सुस्त झाली तर आसपास कोणी कबुतरांना विष घातलंय का, याचा तपास त्याच दिवशी करा.

इमारतीतली कामं

व्यवस्थापकाशी बोलताना "काही करू नका" असं सांगू नका, तारखा द्या. रंगकाम, दोरावरची कामं, अँटेना दुरुस्ती अंडी पडायच्या आधी संपवा, नाहीतर पिल्लं उडून गेल्यावर घ्या. टाळता न येणारं काम असेल तर विरुद्ध बाजूने, ट्रेच्या नजरेआड, थोड्या-थोड्या वेळात. अंडी फुटायच्या सुमाराचे दिवस आणि २८ दिवसांनंतरचा काळ, या दोन वेळा कुठल्याही कामाला नको. गच्चीवर जावंच लागलं तर हेल्मेट घाला आणि एकाने आकाशाकडे लक्ष ठेवा. मादी मागून येते, डोक्यालाच येते. ड्रोन तर लांबही नको : ससाणा त्याच्यावर झडप घालतो आणि पात्यांनी जखमी होतो.

उडण्याचा आठवडा

आधीच्या आठवड्यात गच्चीवरून एक फेरी मारा, ट्रेच्या नजरेआडच्या भागात. उघड्या टाक्या, धुरांडी, खोल हवाझडपा यांवर जाळी टाका. पिल्लू आत पडलं तर वर येऊ शकत नाही. काचेच्या कठड्यांना बाहेरून पट्ट्या चिकटवा. सुरक्षारक्षक, स्वागतकक्ष, रस्त्यावरचे सफाई कर्मचारी यांना एक पानाची सूचना आणि एकच फोन नंबर द्या. पहिली बातमी नेहमी त्यांच्याकडूनच येते.

पहिलं पिल्लू उडाल्यापासून पाच-सात दिवस, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत, दोन-दोन तासांच्या पाळ्या आणि प्रत्येक पाळीत दोघं जण. सोबत दुर्बीण, जाड टॉवेल, चामड्याचे हातमोजे, ४५ बाय ३५ बाय ३५ सेंमीचं भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं (तळाला जुनी चटई किंवा टॉवेल), चिकटपट्टी, आणि गच्चीच्या किल्ल्या कोणाकडे आहेत त्याचं नाव. खोक्याऐवजी तारेचा पिंजरा वापरला तर उड्डाणपिसं मोडतात आणि मग सगळा खटाटोप व्यर्थ.

वाऱ्याची झुळूक आली की कडेवर फडफडणारं पिल्लू नकळत उचललं जातं. पहिल्या झेपा बऱ्याचदा अशाच, ठरवून न घेतलेल्या. पिल्लू समोरच्या गच्चीवर उतरलं तर काहीच करायचं नाही. आई-बाप तिथे अन्न पोचवतात.

जमिनीवर उतरलेलं पिल्लू मात्र उचलावं लागतं, कारण नवख्या पंखांनी सपाट जमिनीवरून उंच चढणं त्याला जमत नाही आणि भोवती गाड्या, कुत्रे, मोबाइल घेतलेली माणसं असतात. आधी गर्दी मागे हटवा आणि परवानाधारक बचावकर्त्याला फोन लावा. तो पोचेपर्यंत पिल्लू रस्त्याकडे जात असेल तरच हात घाला. मागून या, टॉवेल डोक्यासकट अंगावर टाका, दोन्ही पंख अंगाशी दाबून उचला. चोचीला घाबरू नका, पायांना घाबरा. खोक्यात ठेवा, झाकण लावा, अंधार आणि शांतता द्या. पाणी पाजायचं नाही, मांस भरवायचं नाही, झाकण उघडून फोटो काढायचे नाहीत.

दोन्ही पंख सारखे दुमडलेले, डोळे उघडे आणि टपोरे, पायांची पकड घट्ट, रक्त नाही, असं असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी परत वर. एखादा पंख लोंबत असेल, पाय मागे फरफटत असतील, तर थेट पशुवैद्याकडे. परत सोडताना ट्रेपाशी जाऊ नका, तिथली भावंडं घाबरून उड्या टाकतील. त्याच इमारतीची दुसरी गच्ची किंवा शेजारची, सावलीची, वारा कमी असलेली. खोकं कठड्यापासून निदान दोन मीटर आत, तोंड आतल्या बाजूला करून ठेवा, झाकण उघडा आणि मागे न बघता दाराआड व्हा. खोकं कठड्यावर ठेवून उघडलं तर पिल्लू घाबरून बाहेर झेपावतं आणि तुम्ही पुन्हा खाली धावता. तेच पिल्लू दोनदा-तीनदा खाली येणं काही नवल नाही. त्याची कडी वाचून ठेवा, नाहीतर वहीत तीन वेगळी पिल्लं दिसतात.

नंतर

उडालेली पिल्लं पुढचे सहा ते आठ आठवडे इमारतीभोवतीच राहतात, आई-बापांच्या मागे किंचाळत फिरतात, हवेत सोडलेली शिकार झेलायला शिकतात. आवाजाच्या तक्रारी याच काळात येतात. व्यवस्थापकाला आधीच सांगून ठेवा.

पिल्लं पांगली की ट्रे साफ करा. मास्क आणि हातमोजे घाला, सुकलेली विष्ठा आधी पाण्याने ओली करा, म्हणजे धूळ नाकात जात नाही. वरची ३-४ सेंमी खडी काढून बादलीत चोळून धुवा, भोकं तारेने मोकळी करा, बोल्ट आवळा, कमी झालेली खडी भरून ८ सेंमीची पातळी पुन्हा आणा. साबण किंवा जंतुनाशक वापरायचं नाही. काढलेला कचरा टाकण्याआधी चाळणीतून चाळा : कबुतरांच्या पायांतल्या कड्या, कधी स्थलांतरित किनारपक्ष्यांच्या पायांतल्या कड्यासुद्धा त्यात सापडतात. क्रमांक उतरवून तो त्या देशाच्या पक्षी-कडी केंद्राला कळवा, आणि सापडल्याची तारीख "या हंगामात" अशीच लिहा, कारण तो पक्षी नेमका कुठल्या दिवशी मारला गेला ते खडी सांगत नाही.